घरची उलटतपासणी

"ऱ्हाऊ द्या वकीलसाहेब, तुमाला खरं वाटत नसंल तर ऱ्हाऊ द्या," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली बाई म्हणाली आणि प्रेमानंद पाईकराव वकिलांचा पुढचा प्रश्न ओठांवरच थांबला. प्रश्न तसा साधा होता. नवऱ्यानं ढकललं तेव्हा चूल पेटलेली होती की विझलेली, एवढंच विचारायचं होतं. बाई पेटलेली म्हणाली असती तर मग कुठं भाजलं कसं नाही, आणि विझलेली म्हणाली असती तर मग सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांडण कशाचं, अशी दोन्हीकडून वाट बांधून ठेवलेली होती. वसमतच्या कोर्टात असल्या वाटा बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण बाईचा आवाज रडका नव्हता की चिडका नव्हता. दुकानदार भाव उतरवत नाही म्हटल्यावर माणूस पिशवी उचलून निघतो, तसा तो आवाज होता. तो त्यांनी ऐकला होता, आणि कुठं ते आठवावंही लागलं नाही. काल संध्याकाळी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या तोंडून. "ऱ्हाऊ द्या बाबा," करुणा म्हणाली होती आणि उठून आत आईकडे गेली होती. काल त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पोरगी प्रवासानं दमली असेल, बाकीचं उद्या बघू, असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं होतं आणि नेहमीपेक्षा अर्धी भाकरी जास्तच खाल्ली होती.

"पाईकराव, पुढं चला," न्यायाधीश म्हणाले. पुढं काय चालणार? पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यांचा पक्षकार, म्हणजे त्या बाईचा नवरा, मागच्या बाकावर पाय हलवत बसला होता, आणि बाई त्यांच्याकडे बघतही नव्हती. खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत होती. प्रकृती बरी नाही, पुढची तारीख मिळावी, असं काहीतरी ते बोलले. इतक्या वर्षांच्या वकिलीत त्यांनी समोरच्याला दमवायला तारखा मागितल्या होत्या, कागद मिळाले नाहीत म्हणून मागितल्या होत्या, पण प्रकृतीच्या नावावर मागितलेली तारीख खरोखरच प्रकृतीची असावी, असं हे पहिल्यांदाच होत होतं. नवरा धावत व्हरांड्यात आला. "काहून सोडलं साहेब? आता तर ती फसून राहिली होती!" पाईकरावांनी त्याला हातानंच बाजूला केलं आणि बाररूममधल्या फोनवरून घरी फोन लावला.

"करुणा काय करती?" त्यांनी विचारलं. पलीकडून त्यांच्या पत्नी मालनबाई म्हणाल्या, "ती गेली की." कुठं गेली म्हटल्यावर मालनबाईंचा आवाज चढला. "मला काय सांगून गेली? मी पाणी तापवायला मागल्या दारी गेले, येऊन बघते तर न्हाई. पिशवी हितंच हाय. मला वाटलं तुमीच काही बोलून तिला सासरी धाडली. सासरीच गेली असंल, दुसरीकडं कुठं जाती?" शेजारी दोन वकील कॅरमवरून वाद घालत होते. मग मालनबाई एकदम हळू बोलल्या. "राती माझ्याजवळ निजली होती. मला म्हणली, आई, बाबांच्या कोर्टात मी हरले. मी म्हणलं, झोप बाई आता."

त्यांनी फोन ठेवला आणि काळा कोटही न काढता स्टँडवर गेले. हिंगोलीची गाडी नुकतीच गेली होती. दुसरीची वाट बघणं त्यांच्यानं होईना, म्हणून ते वारंगा फाट्याच्या जीपमध्ये बसले. फाट्यावर नांदेडकडून येणारी एखादी गाडी मिळालीच असती. हळद शिजवायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेतात काहिली लागलेल्या, त्यांची वाफ जीपमध्ये शिरत होती आणि तो कडवट, मातीचा, ओला वास घशात बसत होता. हा वास त्यांना आवडायचा. आज त्यांनी रुमाल नाकाला लावला. बाबांच्या कोर्टात. काय बोलली ही पोरगी! घरात कोर्ट कुठून आलं? आपण तिच्या भल्यासाठीच विचारत होतो. जगातल्या सगळ्या बायकांना आपण त्यांच्या भल्यासाठी विचारतो आणि आपल्याच पोरीला विचारायचं नाही? हे मनातल्या मनात म्हणताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो युक्तिवादाच्या वेळचा आवाज होता.

घरची उलटतपासणी, असं त्यांनीच त्या पद्धतीला नाव ठेवलं होतं. फारकत असो, कामावरून काढलेल्या माणसाचा खटला असो की भावाभावांची वाटणी, त्यांच्याकडे आलेला पक्षकार कोर्टात उभा राहायच्या आधी एकदा त्यांच्या ऑफिसात उभा राहायचा. खुर्ची नाही, पाणी नाही. समोरचा वकील जे जे विचारील ते सगळं पाईकराव आधी स्वतः विचारत, आणि समोरच्यापेक्षा जास्त वाईट तऱ्हेनं विचारत. जिनिंगमधून काढून टाकलेला गोपीचंद नावाचा वॉचमन, चांगला सहा फुटी माणूस, त्यांच्या टेबलाच्या कडेला धरून हुंदके देत होता. आणि कोर्टात? कोर्टात गडी असा उभा राहिला की मालकाच्या वकिलालाच घाम फुटला. माणूस आपल्या ऑफिसात रडून मोकळा झाला की कोर्टात रडत नाही, हे पाईकरावांचं सूत्र होतं आणि त्यावर त्यांची वकिली उभी होती. दुसरं उभं राहायला होतंच काय? ते बारमध्ये आले तेव्हा पुढच्या खुर्च्या ज्यांच्या त्यांच्या ठरलेल्या होत्या. कोणाचा काका सरकारी वकील, कोणाचा सासरा कारखान्याचा डायरेक्टर. बौद्धवाड्यातून आलेल्या पोराला मागच्या बाकावर कोणी बस म्हणालं नाही की ऊठ म्हणालं नाही. त्यांना चूक करायची मुभा नव्हती. म्हणून ते चूक दुसऱ्याला सापडायच्या आधी आपणच शोधायला शिकले, पक्षकाराच्या बोलण्यात, मग घरातल्या माणसांच्या बोलण्यात, आणि पुढं पुढं तर भाजीवाल्याच्याही बोलण्यात. मालनबाई चिडवायच्या, ह्या माणसाला गुळाचा खडा दिला तरी हा आधी इचारतो कुठल्या गुऱ्हाळाचा. ते हसायचे. ते त्यांना कौतुकच वाटायचं.

काल करुणा दिवेलागणीला आली. रविवार होता. तिनं पिशवी दाराशी ठेवली आणि उजवा हात पदराखाली धरून उभी राहिली. हिंगोलीला पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या सुरजला त्यांनी स्वतः पारखून दिली होती ही पोरगी. म्हणजे त्याचे कागद, त्याच्या वडिलांचे कागद, राहत्या घराचा उतारा, सगळं बघून. "सुरज हात उचलतो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. त्या क्षणी काय झालं ते त्यांना आता जीपमध्ये नीट आठवत होतं. भीती वाटली होती. अगदी लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. आणि ती भीती सहन होईना म्हणून ते चटकन खुर्चीत बसले, पेन काढलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांग. तारीख सांग." मग सोपं झालं. मग रस्ता पायाखालचा होता. कोणत्या हाताला? बघणारं कोण होतं? शेजारी ओरडणं ऐकू गेलं का? दवाखान्याचा कागद आहे का? नाही, तर का नाही? ती उत्तरं देत होती, तारखा चुकत होती, गेल्या पोळ्याचं दिवाळीत आणि दिवाळीचं पोळ्यात घालत होती, आणि ते प्रत्येक ठिकाणी तिला थांबवत होते. कधीतरी मध्येच 'तू'चं 'आपण' झालं. केव्हा झालं ते त्यांना कळलंही नाही. "दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नेहमीप्रमाणे स्वयंपाक केला, त्यांना डबा करून दिला, हे खरं आहे का?" करुणानं त्यांच्याकडे असं बघितलं की जणू घर चुकली आहे. "व्हय," ती म्हणाली. "मग एवढं मारलं असतं तर डबा कशाला दिला असता?" तेव्हा ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या बाबा.

फाट्यावर गाडी उभीच होती. खिचडीच्या हॉटेलांपुढं ट्रक लागले होते, कंडक्टर घंटी मारत होता. ते धावत चढले, आणि खिडकीजवळच्या एका बाईनं सरकून जागा दिली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, मांडीवर पेरूंची थैली. गाडी हलल्यावर ती म्हणाली, "वळखलं का साहेब? मी सुमनबाई, कुरुंद्याची. पोटगीची केस तुमीच तर चालवली." त्यांना आठवलं. चांगली केस झाली होती. त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. ऑफिसातल्या त्या उलटतपासणीचा उपयोग झाला का, हे ह्या बाईला विचारावं, असं त्यांना वाटलं, आणि विचारण्याआधीच ती बोलायला लागली. "तुमच्यामुळं लेकरू शिकलं बघा. आता तलाठी झालं. लोक म्हणत होते कोर्टात बाई गांगरून जाती. मला तर कायबी वाटलं न्हाई." पाईकराव सावरून बसले. "ते आधी ऑफिसात विचारून घेतो ना आपण, त्याचा उपयोग होतो," ते म्हणाले. सुमनबाई मोठ्यानं हसली. "तुमच्या हापिसात तर मी मेलेच होते! मंग कोर्टात कशाला भ्याव?"

हसता हसताच ती सांगत होती. पेरू पुसून एक त्यांच्या हातात दिला. "तुमी इचारलं होतं, लेकरू नवऱ्याचंच कशावरून. तिथून निघाले ती घरी न्हाई गेले मी. मारुतीमागच्या हिरीच्या काठावर जाऊन बसले. दिवस कलला तरी बसूनच. लेकरू पाठीला बांधलेलं. ते उठलं आन भुकेनं रडाय लागलं. मंग त्याला पाजलं, आन त्याला पाजता पाजता माझंच डोकं ठिकाणावर आलं. ते निजून ऱ्हायलं असतं तर काय झालं असतं, कोणाला ठावं." गाडीनं खड्डा घेतला. पाईकरावांचा आवाज निघाला तो भलताच बारीक. "मला तेव्हा का नाही सांगितलं, बाई?" "तुमाला काय सांगायचं साहेब?" सुमनबाई साधेपणानं म्हणाली. "तुमी तर आमच्या बाजूचे होते." कळमनुरी आली तशी ती उतरली, खालून हात जोडले, म्हणाली, लेकीबाळी बऱ्या हायेत ना, आणि उत्तराची वाट न बघता गर्दीत गेली.

पाईकराव घाबरले. आतापर्यंत ते काळजीत होते, आता नुसते घाबरले. आतापर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढं एकच होतं, की करुणा चिडून परत नवऱ्याच्या घरी गेली आणि तिथं पुन्हा मार खाईल. त्यापलीकडं काही असू शकतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पिशवी घरीच. पिशवी न घेता माणूस कुठं जातं? रस्त्याच्या कडेनं विहिरी दिसत होत्या. एरवी ह्या रस्त्यावर एवढ्या विहिरी आहेत हे कोणाच्या लक्षात येतं? एका विहिरीपाशी चारदोन माणसं उभी होती. ते अर्धवट उठले, गाडी पुढं गेली, माणसं मोटार दुरुस्त करत होती. पेरू हातात तसाच होता, घामानं चिकट झालेला. करुणा लहान असताना खोटं बोलायची नाही. हे त्यांना एकदम आठवलं, आणि आठवलं याचीच लाज वाटली. वर्गात पाटी फुटली तर घरी येऊन दारातच सांगायची, बाबा, माझ्याच हातून फुटली. तिचा शब्द कधी वाकडा गेला नाही. मग काल ते कोणाला खोटं पाडत होते? समोर तर दुसरं कोणी नव्हतंच. सुरज नव्हता, त्याचा वकील नव्हता. सुरजचा वकील! तो काल त्या खोलीत होता की. त्याच खुर्चीत बसला होता, पेन घेऊन.

हिंगोलीत रिक्षा करून ते सुरजच्या भाड्याच्या घरी पोचले. सुरज जेवायला घरी आला होता. स्वतःच वाढून घेऊन बसला होता. त्यानं लगबगीनं उठून पाया पडायला वाकावं, "या मामा, अचानक?" म्हणावं, हे सगळं नेहमीचंच. पाईकरावांची नजर घरभर फिरली. दाराशी तिच्या चपला नव्हत्या. दोरीवर तिची एक साडी वाळत होती, ती वाळून कडक झालेली. पाणी प्यायचं निमित्त करून ते मोरीपर्यंत जाऊन आले. घरात कोणी नव्हतं. "करुणा?" त्यांनी विचारलं. "ती तर तुमच्याकडंच आली ना कालच्याला?" सुरज म्हणाला आणि हात धुऊन समोर बसला. "काय काय सांगितलं तिनं?" "काही नाही," पाईकराव म्हणाले. सुरज थोडा हसला. "हाताचं सांगितलं असंल. मामा, तिला वाढवून सांगायची सवयच हाय. तुमी वकील मानूस, तुमाला काय सांगायचं? बघणारं कोणी होतं का? दवाखान्याचा कागद हाय का? आवो, दुसऱ्या रोजी डबा करून दिला तिनं मला. इचारा तिला. एवढं मारलं असतं तर डबा दिला असता का?"

हाताचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं. सुरजनं आपणहून काढलं होतं. कोर्टात असं सापडलं असतं तर पाईकरावांनी चष्मा काढून, सावकाश पुसून, साक्षीदाराला तेवढ्या एका वाक्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत टांगून ठेवलं असतं. आत्ता ते फक्त ऐकत होते. तेच प्रश्न. त्याच क्रमानं. त्यांना वाटलं, आपल्याला कोणी आरशासमोर उभं केलं आहे आणि आरशातल्या माणसाच्या ताटात वरण-भात आहे. त्यांना सुरजला मारावंसं वाटलं. खरंच, उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि हात उठेना, कारण ज्याच्या थोबाडीत द्यायची तो एकटा सुरज नव्हता. "ती कुठंय?" त्यांनी पुन्हा विचारलं. सुरजला त्याचं नवल वाटलं. "शाळेत असंल की मामा. आज सोमवार हाय."

शाळेत. गोरेगावच्या शाळेवर ती शिक्षिका होती, रोज जीपनं जात येत होती. ही नोकरी लागली तेव्हा पेढे त्यांनीच वाटले होते, आणि सकाळपासून एकदाही त्यांना शाळा आठवली नव्हती. फारकतीची केस घेऊन येणाऱ्या बाईला त्यांच्या लेखी दोनच जागा असायच्या, माहेर आणि सासर, आणि आज सुमनबाईनं तिसरी दाखवली होती. शाळा नावाची चौथी जागा असते आणि आपल्या पोरीला ती आहे, हे तिच्या नवऱ्याला माहीत होतं. मारणाऱ्याला माहीत होतं. पण असंल म्हणजे आहे असं नाही. सुरजनं पुढं केलेलं पाणी तसंच ठेवून ते निघाले. "मामा, च्या तरी," तो दारातून म्हणत राहिला.

गोरेगावच्या जीपमध्ये माणसावर माणूस होता. कोट अंगाला चिकटला होता. करुणा भेटली तर काय बोलायचं, ते त्यांनी जुळवायला घेतलं. वाक्य सुरू व्हायचं आणि शेवटी 'हे खरं आहे का' वर जाऊन थांबायचं. दुसरं घ्यावं तर ते 'असं असताना' वर जायचं. इतकी वर्षं बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाला लेकीशी बोलायला एक सरळ वाक्य सापडेना. मग त्यांनी जुळवणं सोडून दिलं. ती तिथं असू दे. बोलू नको म्हण, तोंड बघायचं नाही म्हण, पण असू दे. ते देवाला हात जोडणारे नव्हते, कोणाला जोडायचे तेही कळेना, म्हणून त्यांनी ते नुसतेच मांडीवर घट्ट धरून ठेवले.

शाळा सुटायची होती. व्हरांड्यातून त्यांनी पहिल्या वर्गात बघितलं, दुसऱ्या वर्गात बघितलं. तिसऱ्या वर्गात करुणा फळ्यावर लिहीत होती. डाव्या हातानं लिहीत होती आणि अक्षर पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं येत होतं. पाईकरावांनी खांबाला धरलं. वर्गातून मुलांची कुजबुज झाली तशी तिनं मागं बघितलं, खडू ठेवला आणि बाहेर आली.

"बाबा? तुमी हितं?" तिचा चेहरा उतरला. "आई बरी हाय ना?" त्यांनी मान हलवली. मग तीच बोलली, फळ्यासमोर बोलावं तशी स्पष्ट. "मी सुरजकडं जाणार न्हाई. वसमतलाबी येणार न्हाई. कमलबाई म्हणून बाई हायेत आमच्या शाळेत, त्यांच्या खोलीवर ऱ्हाणार हाय. त्यांनी काही इचारलं न्हाई, ये म्हणल्या. पिशवी कोणाजवळ तरी धाडून द्या." "बरं," पाईकराव म्हणाले. "केसचं मी माझं बघीन. हिंगोलीत कोणी वकील असंल तर बघीन." "बरं," ते म्हणाले. मग करुणानं पाठ भिंतीला टेकली, ताठ उभी राहिली, आणि त्यांच्या ऑफिसात पक्षकार बघतात तशी त्यांच्या कपाळावर नजर ठेवून म्हणाली, "अजून काही इचारायचं ऱ्हायलंय का?"

तिचा उजवा हात पदरातून बाहेर आला होता. मनगट सुजून चकाकत होतं, त्याला रुमाल बांधलेला होता, आणि रुमालाची गाठ एका हातानं मारता येईल तशी सैल होती. काल त्यांनी कोणता हात ते विचारलं होतं. हात बघितला नव्हता. त्यांना तो हातात घ्यावासा वाटला आणि धीर झाला नाही.

"दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

करुणा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे बघायला लागली. मग तिनं रुमालाची गाठ डाव्या हातानं नीट केली.

"आता न्हाई एवढं," ती म्हणाली. "काल लई दुखत होतं, बाबा."